एकशेऐंशी विहिरींची कार्डं

७ मार्च १९७३, पुणे
बंद होणार! महिनाअखेरीस इथला कॉम्प्युटर काढून टाकतायत. आमचं सगळं त्याच्याच टेपवर — सांगोल्याकडच्या एकशेऐंशी विहिरींची दर आठवड्याची पाणीपातळी, आणि कुठली विहीर आधी आटेल ते काढणारा माझा प्रोग्रॅम. मुंबईच्या नव्या मशीनला ही टेप वाचता येत नाही. म्हणजे सगळं भोकांच्या कार्डांवर उतरवायचं; ती तिथं चालतात.

८ मार्च, पुणे
दिवसभर मशीन खडखडत होतं. एक खोकं भरलं. मी म्हटलं, आणखी एक संच काढा. ऑपरेटर वैतागला. "बाई, तेच ते दोनदा कशाला?" हट्टच धरला. काढला!

१० मार्च, सोलापूर
सात रस्त्याच्या ऑफिसात टँकर वाटणारे हिंदुरावसाहेब वाटच बघत होते. "मुक्ताबाई, गावं शंभरावर, टँकर सव्वीस. आधी कुठं पाठवू ते सांगा की!" आठ दिवस मागितले. दिले.
ऑफिसात वाळवी. म्हणून दुसरं खोकं आमचे जीपड्रायव्हर बंदेनवाजभाई यांच्या घरी. त्यांच्या आईनं, मदिनाबींनी, ते लग्नातल्या साड्यांच्या ट्रंकेत ठेवलं. "काय हाय गं ह्यात?" "विहिरी," म्हटलं. लई हसल्या.

१३ मार्च, मुंबई
नव्या मशीननं कार्डं चावली! तीसेक. पार चिंध्या. कुठल्या विहिरीचे आकडे होते तेही वाचता येईना. रडू येत होतं. एवढ्या पुरुषांसमोर रडायचं नाही, ठरवलं. सोलापूरला ट्रंककॉल लावला.

१४ मार्च
बंदेनवाजभाई सकाळच्या गाडीनं हजर. खोकं मांडीवर. "खाली ठेवलंच न्हाय, बाई." डोळे तांबारलेले. आधी चहा पाजला. मग फाटक्या कार्डांच्या जागी चांगली घातली.

१५ मार्च
प्रोग्रॅम चालेना. ह्या मशीनची बोलीच जरा निराळी. अकरा चुका दाखवल्या. दुरुस्त केल्या — तर सत्तावीस!

१६ मार्च
रात्रभर एकेक चूक काढली. दुपारी तीनला यादी छापून आली!! पहिलं गाव बोरवस्ती. लगेच साहेबांना फोन.
"बोरवस्ती? अहो, तिथं परवाच पुरुषभर पाणी बघितलंय मी."
आकडे पुन्हा ताडून पाहिले. बरोबर होते; तिथलं पाणी दर आठवड्याला आधीच्या दुप्पट उतरत होतं. तसं सांगितलं.
मग साहेब म्हणाले, "पाठवतो. चुकलो तर दोघं चुकलो."

१८ मार्च, बोरवस्ती
टँकरबरोबर आले. लोक हसतायत. गोजरबाई नावाच्या एक आजी विहिरीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "हिरीत पाणी असताना टँकर? तुमाला दुसरं गाव न्हाय व्हय?" त्यांच्याकडंच मुक्कामाला आहे. भाकरी मात्र प्रेमानं वाढली.

२१ मार्च, बोरवस्ती
सकाळी गोजरबाईंचा पोहरा नुसता गाळ घेऊन वर आला. घागर उचलून त्या टँकरच्या रांगेत माझा हात धरून उभ्या राहिल्या.