दोन छटा उजळ

२४ जाने. २००६, अर्विंग, टेक्सस
शाळेत तिसरा मंगळवार. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-फोर व्हिसावर पगार घेता येत नाही, फुकट राबायला मात्र कोणाची ना नाही. दोन बस बदलून डॅलसला, आठवीच्या चित्रकलेच्या तासाला मिसेस हॅरिसच्या हाताखाली. वर्गात बहुतेक मुलं काळी, थोडी मेक्सिकन. यंदा शाळेच्या इयरबुकात, म्हणजे वर्षाअखेरच्या फोटोंच्या पुस्तकात, या वर्गाला स्वतःची चार पानं मिळालीत. मिसेस हॅ. म्हणाल्या, "शाळेच्या भिंतींवर यांच्यासारखा एकही चेहरा नाही. निदान पुस्तकात तरी असू दे." जाताना मुद्दाम बघितलं. ऑफिसबाहेर जुने हेडमास्तर फ्रेममध्ये ओळीने, सगळे गोरे. तीन आठवडे त्यांच्यासमोरूनच जात होते की मी.

२६ जाने.
इयरबुकासाठी मुलांचे फोटो मीच काढले, पांढऱ्या भिंतीपुढे. घरी कॉम्प्युटरवर बघते तर भिंत छान, शर्ट छान, काळ्या मुलांचे चेहरे नुसते डाग. डोळे आणि दात तेवढे. कॅमेऱ्याने भिंतीचा उजेड धरला आणि बाकीचं गडद केलं. मेक्सिकन मुलं बरी आलीत. म्हणजे कॅमेरे कोणाला समोर बसवून बनवतात? नवऱ्याला, नि.ला, विचारलं. म्हणाला, "अगं, सेन्सर आहे तो. त्याला काय कळतंय?" त्याला नसेल कळत, बनवणाऱ्याला?

२९ जाने., रवि.
दोन दिवस फोटोशॉप. नि.ने दोन्ही दिवस जेवण बाहेरून आणलं, कुरकुर न करता. माझा हात बसलेला आहे. नागपूरला सगळ्या सुट्ट्या नंदूकाकांच्या स्टुडिओत गेल्या. लग्नासाठी मुलींचे फोटो काका ब्रशने 'दोन छटा उजळ' करायचे, मी शेजारी बसून बघायची. आज आधी नुसत्या सावल्या उघडल्या, म्हणजे काळोखात गेलेला भाग तेवढा उजळला. एकेक चेहरा वर आला. कीशाच्या भुवईवरचा व्रण, ब्रियानाची खळी. इतकं बरं वाटलं की थांबवेना, मग थोडं आणखी, थोडं आणखी... सगळे सुरेख दिसताहेत. सेव्ह केलं. शाळेच्या कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं, परत द्यायचंय.

३१ जाने.
मिसेस हॅ. खूश. प्रिंट वर्गात फिरवले. कीशाने आपला उलटा करून ठेवला. ही सगळ्यात कमी बोलणारी आणि सगळ्यात चांगलं चित्र काढणारी.
"ही कोण, मिस?"
"तूच."
"माझी मॉम ओळखणार नाही. चेहरा दिसतोय, त्याबद्दल थँक यू. रंग का बदलला?"
म्हटलं, लाइट कमी होता गं.
"लाइट वाढवला की रंग दिसतो. तुम्ही तर तो काढूनच टाकला."
मग म्हणाली, मूळचे दाखवा. मूळचे नाहीतच. मी त्याच नावाने सेव्ह केले होते. परतीच्या बसमध्ये मान वर करवेना.

१ फेब्रु.
माझाही फोटो काकांनी उजळला होता. पहिल्या भेटीत सासूबाई म्हणाल्या, "फोटोत वेगळी वाटली होतीस." तेव्हा त्यांचा राग आला, काकांचा नाही. असं का? नि.ला विचारलं, तुला काय वाटलं होतं? "मला तो फोटो आठवतच नाही यार." खोटं बोलतोय बहुतेक.

२ फेब्रु.
वर्गात सांगून टाकलं. चूक कॅमेऱ्याची अर्धी, उरलेली माझी. आमच्याकडे फोटो असाच सुंदर करतात, हेही. मार्कसने विचारलं, "पण तुमच्याकडे सगळे ब्राउनच ना?" म्हटलं, हो, तरी. मागून कोणीतरी म्हणालं, "माझ्या ग्रॅनीचंही सेम आहे." हसले सगळे, मीही.
मग परत फोटो. जागा कीशाने ठरवली. खिडकीजवळ, मागे गडद कागद, हनुवटीखाली उजेड वर फेकायला पांढरा पुठ्ठा. काय आलेत एकेक! मी फक्त बटण दाबलं.
ब्रियाना नव्हती. कळलं की आई तिला घेऊन ह्यूस्टनला गेली, कायमची. तिचा एकच फोटो आहे, मी रंगवलेला.

७ फेब्रु.
पानं शुक्रवारी छापायला जाणार. ब्रियानाचा रंग आठवून परत आणावा म्हणून फोटो प्रोजेक्टरवर लावला. "आणखी डार्क." "इतकी नव्हती." "थोडा लाल टाका." जो तो स्वतःचा हात पडद्याला लावून दाखवतोय. मला गंमतच वाटायला लागली होती. कीशा दोन वर्षं तिच्या शेजारी बसली, तिने डोळे मिटून बघितलं आणि म्हणाली, "मलाही आठवत नाहीये." रडकुंडीलाच आली. मग म्हणाली, "अंदाजाने रंगवू नका. तिला विचारा."

९ फेब्रु.
मिसेस हॅ.नी ब्रियानाच्या आईला गाठलं, नवा फोटो मागितला. त्यांच्याकडे कॅमेरा नाही. आईने ब्रियानाला फोन दिला, मिसेस हॅ.नी मला. कीशा समोर उभी. मी काय केलं ते ब्रियानाला सगळं सांगितलं. मग,
"मिस, त्यात मी जास्त छान दिसते का?"
माझ्या तोंडाशी 'हो' आलं होतं. इतकं सगळं होऊनही आधी तेच आलं. गिळलं, तरी तिने ते ऐकल्यासारखंच धरलं.
"मग तोच ठेवा," ब्रियाना म्हणाली.
कीशाला तिकडचं ऐकू येत नव्हतं. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाली?"
उद्या बारापर्यंत पानं द्यायची आहेत. कीशाला अजून सांगितलेलं नाही.