कडी बाहेरून होती

“रोवणी होऊ दे, मंग पाहू.”

हे वाक्य माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, श्री. केशोराव टेंभरे यांनी बावीस वर्षांपूर्वी, धानाच्या लावणीच्या दिवसांत, माझ्या खोलीच्या दाराबाहेर म्हटले. मला उद्देशून नाही. आमच्याकडे भासरा धाकट्या भावाच्या बायकोशी बोलत नाही आणि ती त्याच्यासमोर तोंड उघडत नाही. ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, मी आतून ऐकले. हे मृत्युपत्र त्या वाक्याला माझे उत्तर आहे. उशीर झाला, पण मधल्या काळात मला बोलायची मुभा नव्हती.

मी, चंदा उमेंद्र टेंभरे, वय ४४, विधवा, धंदा शेती व शिलाई, राहणार मौजा बेलाटोला, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया, लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीत आहे आणि माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. इतरांच्या मृत्युपत्रात ही ओळ कोणी वाचत नाही. माझ्यात हीच ओळ धरून केशोराव कोर्टात जातील. पानठेल्यावर त्यांनी तसे सांगूनही ठेवले आहे: “पागल बाईच्या सहीले कोन विचारते?” म्हणून गोंदियाच्या डॉक्टरांचा याच महिन्याचा दाखला सोबत जोडला आहे. मी झोपण्याआधी मनाच्या आजाराची गोळी घेते. केशोराव बीपीची घेतात. त्यांच्या सहीला कोणी दाखला मागत नाही.

कलम १. वाटणीत मला मिळालेल्या दोन खोल्या, ओसरी आणि शिलाई मशीन माझी मुलगी प्रेरणा हिला. ती नागपूरला नोकरी करते, तिने इथे येऊन राहावे असा आग्रह नाही. घर भाड्याने द्यावे. मात्र वाटणीनंतर मी पहिल्यांदा भिंत फोडून खिडकी केली, ती बुजवू नये. माझ्या आतल्या खोल्यांच्या दारांना बाहेरून कडी नाही. कोणालाही लावू देऊ नये.

कलम २. पोस्टातली बचतही प्रेरणाची. त्यातून माझ्या तेरवीचे जेवण घालू नये. ज्यांनी मला जिवंतपणी दाराच्या फटीतून जेवायला दिले, त्यांना मी मेल्यावर पंगत वाढायचे कारण नाही.

कलम ३. पाण्याचा पितळी गुंड धुरपताबाईला. नंदाबाईचा, म्हणजे माझ्या जावेचा, त्यावर डोळा आहे, म्हणून कारण लिहिते.

प्रेरणा झाली त्यानंतर मला झोप येईना. भिंतीत माणसे बोलत. हे बाळ माझे नाही, कोणीतरी बदलले आहे, असे मला वाटू लागले आणि मी तसे म्हणाले. घरच्यांनी बाळंतवात म्हटले आणि दार लावून घेतले. बाळंतिणीला हवा लागू नये म्हणून आमच्याकडे खोली बंद ठेवतातच. त्यामुळे कडी आतून आहे की बाहेरून, हे कोणी पाहिले नाही. गावातल्या बाया म्हणत, टेंभऱ्यांनी सुनेला किती जपले! पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटायला आले होते, चिखलणी झाली होती, घरातला प्रत्येक हात बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, हवा होता. मला दवाखान्यात न्यायला एक माणूस लागला असता. तो निघाला नाही. रोवणी झाली. मग निंदण आले, मग पोळा, मग हलक्या धानाची कापणी. केशोरावांचे ‘मंग’ आले नाही.

धुरपताबाई आमच्याकडे मजुरीला यायची. कापणीच्या दिवसांत एकदा ती विळा विसरली म्हणून बांधीतून परत आली, आणि तिला आतून आवाज आला. तिने कडी काढली.

“काऊन वं, अंधारात काऊन बसून राहिली?”

तिने नाकाला पदर लावला, मला एक शिवी दिली, घरच्या सगळ्यांना मिळून दुसरी दिली, आणि मला अंगणात ओढत नेऊन या गुंडातले पाणी माझ्या डोक्यावर ओतले. मग हात धरून गोंदियाच्या गाडीत बसवले. ती देवमाणूस वगैरे नाही. वाटेत एका पुजाऱ्याकडून माझ्या दंडाला दोरा बांधून घेतला, माझी हकिगत अख्ख्या गाडीला सांगितली. डॉक्टरांनी “कब से ऐसा है?” विचारले तेव्हा म्हणाली, “रोवनीपासून, साब. पर ये लोगोंको टाइम नहीं मिला.” मला बरे व्हायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला. अजूनही ती म्हणते, “गोळीनं नाई, दोऱ्यानं बरी झाली तू.” मी वाद घालत नाही.

त्यानंतर केशोरावांनी तिला कामाला बोलावले नाही. गावात इतरांनाही बोलावू दिले नाही.

तिला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष नको. ती म्हणाली, “मंग गुंड नोको देऊ, आंगठा घे.” अंगठे पुष्कळ मिळतील, धुरपताबाई. गुंड घे.

कलम ४. माझी जाऊ नंदाबाई हिला माझी निळी शाल. मी खोलीत होते तेव्हा प्रेरणा तिच्या मांडीवर वाढली, ते मी विसरलेले नाही. ती फटीतून ताट सरकवायची आणि रडायची. खरे रडायची. कडी तिच्या खांद्याच्या उंचीवर होती.

कलम ५. माझ्या नावावरची वरची बांधी रीताला. ती केशोरावांची सून, प्रफुलची बायको. बांधी तिच्या एकटीच्या नावे राहील. नवऱ्याने किंवा सासऱ्याने ती विकू नये, गहाण टाकू नये, तिच्या वतीने कुठे सही करू नये.

रीता दोन महिन्यांपूर्वी बाळंत झाली. वाटणीत माझी जुनी खोली केशोरावांकडे गेली, आणि रीता आज त्याच खोलीत आहे. त्याच कडीमागे. या वेळी कडीला कुलूपही आहे. धुरपताबाईपासून ते एवढेच शिकले. किल्ली केशोरावांच्या करदोड्याला असते.

परवा मी त्यांच्या अंगणात जाऊन नंदाबाईला विचारले, रीताला दवाखान्यात कधी नेता? केशोराव खाटेवर बसले होते. माझ्याकडे न पाहता बायकोला म्हणाले, “तिले सांग, आपलं घर पाय म्हना. एक पागल झाली थे पुरे आहे या खानदानात.”

नंदाबाई माझ्याकडे वळली, जणू मी बहिरी आहे. “ते म्हनतेत, आपलं घर पाय.”

“त्यायले विचार, रीता शेवटची झोपली कधी?”

“थे विचारते, पोरगी झोपली कधी.”

“मले काय माहीत? प्रफुलले विचार म्हना.”

प्रफुल ट्रॅक्टरच्या चाकाशी वाकला होता. तो वर न पाहता म्हणाला, “काकी, रोवनी होऊन जाऊ दे ना. मंग पाहू.”

त्याला हे वाक्य कोणी शिकवलेले नाही. मी खोलीत होते तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि त्याच अंगणात खेळायचा.

जाताना मी दाराशी थांबले. आतून रीता हळूच म्हणाली, “काकी, बाळाले माह्याजवळ नोको ठेवू म्हना त्यायले.” मी तिला म्हटले, तू वाईट नाहीस, आजारी आहेस, मीही होते, आणि हे जाते. तिने विचारले, “खरंच जाते?” मी हो म्हणाले. ते खरे करायचे तर उशीर चालणार नाही. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजच आणा, आणि तोवर बाळ व आई दोघांनाही एकटे सोडू नका. पोलीस पाटील म्हणाले, घरची गोष्ट आहे. उद्या कुलूप निघाले नाही तर मी तिरोड्याच्या ठाण्यात जाणार आहे. पागल बाईची तक्रार कितपत लिहून घेतात ते तिथे कळेल.

माझ्या बांधीतले पाणी उतरून केशोरावांच्या बांध्यांत जाते. मी खोलीत होते त्या वर्षीही गेले. मी ते अडवू शकते. अडवणार नाही, कारण धानाने माझे काही केलेले नाही. पण माझ्यानंतर ते पाणी रीताच्या शब्दाने सुटेल. मग केशोरावांना सुनेपुढे उभे राहून मागावे लागेल, आणि ती म्हणू शकेल, पाहू.

रीता माझ्याआधी गेल्यास ही बांधी तिच्या बाळाला मिळावी, केशोरावांना कोणत्याही परिस्थितीत नाही. अशी ओळ मृत्युपत्रात असावी म्हणून वकिलांनी लिहायला सांगितली. ती लागू होऊ नये म्हणूनच बाकीचा सगळा कागद लिहिला आहे.

कलम ६. मी पुन्हा आजारी पडले तर निर्णय प्रेरणा घेईल आणि पहिल्या दिवशी घेईल. धुरपताबाईला दोरा बांधायचा असेल तर बांधू द्यावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही प्रेरणाच करील.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मला तेवढे थांबता येत नाही. याची एक प्रत आजच साक्षीदार चुन्नीलालच्या हाती केशोरावांना पाठवत आहे.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: चंदा उमेंद्र टेंभरे

साक्षीदार १: चुन्नीलाल पटले, आटाचक्कीवाले (सही)
साक्षीदार २: हेमेंद्र बोपचे, शिक्षक (सही)

ठिकाण: बेलाटोला, तालुका तिरोडा
दिनांक: १३ जुलै २०२५

सहीनंतरचा मजकूर, फक्त केशोरावांसाठी:

तुम्हाला मी कधी हाक मारलेली नाही, म्हणून काय म्हणावे तेही मला नीट ठाऊक नाही. भाऊजी म्हणते. उद्या पऱ्हे उपटायला बाया येण्याआधी तुमच्या हाताने ते कुलूप काढा आणि रीताला माझ्यासोबत गोंदियाच्या गाडीत बसवा. तुम्ही नाही म्हणाल, मला माहीत आहे. पण या वेळी ते नंदाबाईला सांगू नका. मी अंगणात उभी असेन. माझ्याकडे पाहून मला म्हणा.