गणपतरावांचे नाव काढून जीप अर्जदाराकडे पाठविणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
आमच्या पेठेचे पोलीस ठाणे,
कोल्हापूर.

अर्जदार : बाळासो शामराव खराडे, वय ६१, धंदा दूध डेअरी, अध्यक्ष, बोरीची तालीम मंडळ, मंगळवार पेठ.

विषय : हजार रुपयांची तक्रार खोटी निघाल्याने ती मागे घेणेबाबत, आणि ती जितक्या गाजावाजाने दिली तितक्याच गाजावाजाने मागे घेऊ देणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने रागाच्या भरात दिलेला तक्रार अर्ज, दि. २२ फेब्रुवारी २०२६.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळवतो की, तक्रारीतील सामनेवाले गणपतराव दत्तू सरनाईक हे आमच्या तालमीचे खजिनदार असून त्यांनी तालमीचा एक पैसाही खाल्लेला नाही. हे वाक्य अर्जदाराने मुद्दाम सगळ्यात वर घातले आहे. पुढचे वाचायला साहेबांना सवड झाली नाही, तरी एवढे वाचले जावे.

हकीकत अशी की, तालमीचा फुटबॉल संघ आहे. त्या संघाचा जुना गोलकीपर राजवीर हा अमेरिकेत एका मोटेलवर कामाला असून, यंदा त्याने पोरांचे बूट व जर्सी यांसाठी एक लाख रुपये देण्याचे मोबाईलवरच्या ग्रुपवर जाहीर केले. अर्जदाराचा ऊर भरून आला. त्या भरात, कुणी सांगितले नसताना, अर्जदाराने चौकात फलक लावला : 'परदेशातून एक लाखाची देणगी', आणि खाली स्वतःचा हात जोडलेला फोटो. राजवीरचा फोटो लहान होता. तालमीच्या खात्यावर परदेशातला पैसा घ्यायची भानगड नको म्हणून रक्कम गणपतरावांच्या खात्यावर मागवली, तीही अर्जदाराच्याच आग्रहाने. ते नको म्हणत होते. आली ती नव्याण्णव हजार.

बैठकीत गणपतरावांनी आली तेवढी रक्कम सांगितली. फलकावर लाख आणि हातात नव्याण्णव, म्हणून अर्जदाराचे तोंड उतरले. राजवीरला फोन करून विचारावे हे कुणाला सुचले नाही असे नव्हे. सुचले होते, पण देणाऱ्याला 'कमी का दिलंस' म्हणून कुठल्या तोंडाने विचारायचे? धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, अशी पेठेची रीत आहे. तेव्हा देणाऱ्याची अब्रू राखायची म्हणून सगळ्यांनी घेणाऱ्याकडे बघितले. अर्जदार भर बैठकीत बोलला, 'मग हजार रुपयं काय उंदरानं खाल्लं व्हय?' त्यावर उदयसिंह नावाचा सभासद म्हणाला, 'अध्यक्ष, नुसतं बोलू नका. दम असंल तर ठाण्यात द्या की.' साहेब कोल्हापुरात नवीन असतील म्हणून अर्जदार नमूद करतो की, इथे माणूस उपासाने मरत नाही, ईर्षेने मरतो. अर्जदार त्याच पावली ठाण्यात आला.

दुसऱ्या दिवशी गणपतरावांनी पाचशेच्या दोन नोटा आणून तालमीतल्या मारुतीपुढे ठेवल्या. 'पोरांची मॅच तोंडावर हाय, तालमीचं नाव नासायला नको', एवढेच म्हणाले आणि गेले. यावर कुणाच्याही डोळ्यात पाणी यायला हवे होते. अर्जदाराच्या डोक्यात आले ते असे की, चोर नसता तर भरले कशाला असते? तसा पुरवणी जबाबही अर्जदाराने ठाण्यात येऊन दिला. 

मॅचच्या दिवशी चौकशीसाठी जीप आली ती थेट मैदानाच्या दारात. यात ठाण्याची काही चूक नाही. गणपतराव कुठे भेटतील असे विचारल्यावर मैदानाचा पत्ता अर्जदारानेच दिला होता. समोरच्या तालमीच्या समर्थकांनी गॅलरीतून 'हजार, हजार' असा गलका केला. गणपतरावांनी हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली, चप्पल नीट घातली आणि जीपमध्ये बसले. तासाभरात त्यांना सोडले हे खरे, पण तेव्हापासून पेठेतली पोरे त्यांना 'हजार' म्हणूनच हाक मारतात. किराणा आणायला आता वहिनी जातात.

गेल्या आठवड्यात राजवीरचा फोन आला. त्याने आपणहूनच विचारले, 'काका, हजारभर कमी आलं असतील न्हवं? मी काउंटरवर रोख भरलं. हितनं रोखीनं बाहेर पैसं धाडलं की हितलं सरकार शेकड्याला एक कर कापून घेतंय. सरहद्दीवर पहारा ठेवायला म्हणत्यात.'  हजार रुपये पेठेत पोहोचलेच नव्हते. निघाल्या जागीच कापले गेले होते. ज्या सरहद्दीचे तोंड अर्जदाराने जन्मात बघितले नाही, तिच्या पहाऱ्याला बोरीच्या तालमीचे बुटांचे पैसे लागले. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. पेठेतली किती पोरं आपल्या सरहद्दीवर उभी आहेत, पहाऱ्याला पैसा लागतो हे आम्हाला कळतं. अर्जदाराला कळलं नाही ते एवढंच, की एक फोन केला असता तर भागलं असतं.

इथं काय झालं ते ऐकून राजवीर फोनवर रडला. त्यानं लगोलग आणखी हजार पाठवले. त्यातूनही दहा कापले गेले. ते दहा रुपये अर्जदाराने कुणी विचारायच्या आत स्वतःच्या खिशातून घातले, कारण आता पेठेत दहा रुपयांनाही एखादा माणूस जाऊ शकतो.

त्यानंतर अर्जदार ठाण्यात वरचेवर येत आहे. हवालदारसाहेबांनी सौजन्याने समजावले की, प्रकरण मिटवायचे तर पैसे घेतले कुणी हे लिहावे लागेल. अर्जदाराने 'अमेरिकेचं सरकार' असे सांगितले. त्यांनी पूर्ण नाव व पत्ता विचारला. अर्जदारास तो देता आला नाही. 'मग रकाना मोकळा सोडून कसं चालंल, अध्यक्ष?' हे त्यांचे म्हणणे अर्जदारासही पटले.

सबब विनंती अशी की, तो रकाना मोकळा सोडू नये. त्यातले सरनाईक यांचे नाव खोडून तिथे अर्जदाराचे नाव लिहावे. कलम कोणते लावायचे ते साहेबांनी ठरवावे, अर्जदाराची कशालाही हरकत नाही. आणि अर्जदारास नेण्यासाठी जीप पाठवावी. घरी नको, मैदानाच्या दारात पाठवावी, मॅच सुटताना, आणि शक्य तर वरचा दिवा चालू असावा. अर्जदार ठाण्यात चालत येऊ शकतो, गुडघे ठीक आहेत, पण चालत आलेला माणूस कुणाच्या ध्यानात राहत नाही. डिझेलचा खर्च अर्जदार सोसेल. समोरच्या तालमीला काय ओरडायचं ते ओरडू द्यावं, बंदोबस्त ठेवू नये.

जीपच कशाला, असे साहेबांना वाटेल. अर्जदाराने आधी साधा मार्ग करून पाहिला. चौकात माफीचा फलक लावला. तर येणारा-जाणारा म्हणायला लागला, 'अध्यक्ष लई मोठ्या मनाचा माणूस.' म्हणजे कौतुक पुन्हा अर्जदाराचंच झालं, आणि गणपतरावांचं नाव कुणी घेतलंच नाही. अर्जदाराला स्वतःची लाज वाटली. तो फलक त्याच दिवशी उतरवला.

हे सर्व येत्या शनिवारच्या मॅचला व्हावे, कारण पाडवा झाला की रविवारी गणपतराव आणि मीनाक्षीवहिनी घराला कुलूप घालून मुरगूडला लेकीकडे, संयोगिताकडे, कायमचे राहायला चालले आहेत. टेम्पो ठरला आहे. लेकीकडे दोन दिवस मुक्काम झाला, तरी तिसऱ्या दिवशी ज्याला पेठेशिवाय करमायचं नाही, तो माणूस पेठ सोडतो आहे, आणि तो अर्जदारामुळे सोडतो आहे.

एवढं कागदावर कशाला, घरी जाऊन पाय धर की, असेही साहेब म्हणतील. अर्जदार गेला होता. काल सकाळी, हजार रुपये घेऊन. अर्जदार आणि गणपत एका बाकावर शिकले, एका संघात खेळले. उभ्या जन्मात एकमेकांना शिवीशिवाय हाक मारली नाही, दोघांच्या आया त्यावरून कपाळाला हात लावायच्या. वाटेत अर्जदाराने मनाची तयारी केली होती. गणपत आईमाई काढील, गचांडी धरील, एखादी कानाखाली ठेवून देईल. ठेवावीच, असं वाटत होतं. गणपत भांडी पोत्यात भरत होता. अर्जदाराला बघून उठला, सदरा सारखा केला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाला, 'या पावणं, बसा.' मग आत बघून, 'अगं, पावण्यांस्नी च्या ठेव.' अर्जदाराने नोटा पुढं केल्या, तर हात जोडले. 'ऱ्हाऊ द्या, पावणं.' अर्जदाराने चहा घेतला.  कपसुद्धा बशीसकट दिला होता, आल्यागेल्याला देतात तो.

महोदय, त्यानं एक शिवी जरी दिली असती, तरी हा अर्ज लिहिला नसता.

जीपची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
बाळासो शामराव खराडे
मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. १७ मार्च २०२६

सोबत :
राजवीरने काउंटरवर घेतलेल्या पावतीची मोबाईलवरून काढलेली प्रत.
पाचशेच्या दोन नोटा. गणपतरावांनी अर्जदाराच्या हातून घेतल्या नाहीत. ठाण्यातून दिल्या तर कदाचित घेतील.