आबा, आईसाठी होडी काढायची आहे

भिवंडी,
फाल्गुन शुद्ध सप्तमी, १९९७

प्रिय आबा,

आई गेली. चतुर्थीला दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

पण ते कळवायला मी लिहीत नाही. ती तुझ्यापर्यंत पोचली असेल तर तिनेच सगळं सांगितलं असेल, आणि तू नेहमीसारखा नुसता ‘हूं’ म्हणाला असशील. मी लिहिते आहे ते तिच्या अस्थींसाठी. त्या अजून काल्हेरला, आपल्या अंगणातल्या उंबराला टांगलेल्या आहेत, आणि तुझे दोन मुलगे त्या वाटून घ्यायला निघाले आहेत.

हो, वाटून! बरोबर वाचलंस.

‘तू’ लिहिते आहे, रागावू नकोस. लहानपणी एकदा कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवलं म्हणून घरी येऊन तुला ‘तुम्ही’ म्हटलं होतं. तू जाळं विणत होतास. मान वर न करता म्हणालास, “मी काय तलाठी हाय?” त्यानंतर माझी हिंमत झाली नाही. आता तर इतक्या लांब गेलास, अजून लांब कशाला ढकलू?

काल सकाळी अस्थी गोळा करून आणल्या. जनूदादा म्हणाला, मी गाडी करून नाशिकला नेतो, तिथे रीतसर होईल. बाळू म्हणाला, आईला खाडीच हवी होती. हे तो मला म्हणाला. जनूदादा समोरच उभा होता, पण आमच्या घरात आता समोरच्याला सांगायचं असलं की माझ्याकडे बघून सांगतात. मी भिवंडीहून येते ती दोन्हीकडची माणूस. म्हणजे खरं तर कुणाचीच नाही. मग जनूदादानेही माझ्याचकडे बघून सांगितलं, “बाय, त्याला सांग दोन मडकी कर. अर्धी त्याची, अर्धी माझी. मंग न्हेव दे खाडीत नायतर कुठं.”

मला वाटलं, बाळू चिडेल. तो खरंच विचार करत होता, आबा. मला त्याचीच भीती वाटली.

अंगण वाटलं तेव्हा मी गप्प बसले. विहिरीवर पाणी भरायचे वार ठरले तेव्हाही. पण आई? तिचा कुठला हात कुणाला द्यायचा?

भांडण तेच आहे, तुझ्या वेळचं. अंगणातून मागच्या शेताकडे जाणारी वाट. तू होतास तेव्हा ती बैलगाडीची होती, आता ट्रकची झाली आहे. मागचं खाजण, भरतीचं खारं पाणी शिरायचं ते, मातीने भरून जनूदादाने गोदाम बांधलं. सगळ्या काल्हेरने बांधली, त्याने एकट्यानेच काय घोडं मारलंय? पण ट्रक वळतात ते बाळूच्या ओट्याला घासून. त्याच्या भिंतीला तडा गेला, तुळशीचं वृंदावन कलंडलं. बाळूने वाटेत दगड टाकले, जनूदादाने ते उचलून बाळूच्या दारात रचले. तेव्हापासून दोघांचं तोंड बंद. आई मधल्या खोलीत राहायची आणि दोन्हीकडचं जेवण थोडं थोडं जेवायची. भूक नसली तरी.

हे सगळं तू असतानाच मिटवायला हवं होतंस, आबा. ‘पोरं शानी हायत, बघतील’ असं म्हणून मोकळा झालास. तुझी पोरं शहाणी नव्हती. कधीच नव्हती!

मला राहून राहून तुझा तो दिवस आठवतो. तू गेल्यानंतरचा, शहाऐंशी सालातला. त्या दिवसाबद्दल तुला कुणी खरं सांगितलेलं नाही. होतास तू आमच्याबरोबरच, पण तांब्याच्या कलशात, तोंडाला लाल फडकं बांधलेलं.

तुझी इच्छा साधी होती. “मना नाशिकला नको. खाडीच्या मुखाशी सोडा. तिथं गोडं पानी न् खारं पानी भांडायचं थांबतं.” म्हणून बाळूने दिवसभरासाठी एक मशीनची होडी ठरवली. एरवी ती रेतीची, पण नाखव्याने ती आदल्या दिवशी धुऊन काढली आणि पुढे झेंडूची माळ बांधली. भरती पुरी झाली की निघायचं, ओहोटीच्या पाण्यावर मुखाशी जायचं आणि पुढच्या भरतीवर परत यायचं. वेळ मीच काढून दिली होती.

ते मला तूच शिकवलंस. गावच्या शाळेत जाणाऱ्या मुलग्यांना ते कधी लागलंच नाही. मला ठाण्याच्या शाळेत घातलंस तेव्हा गाव हसला होता; आगऱ्याची पोर मडमेसारखं बोलणार म्हणाले. तू रोज होडीतून पलीकडे सोडायचास. शाळेची घंटा ठरलेली, पण खाडीची घंटा रोज पुढे सरकणारी! म्हणून तू मला गणित दिलंस: तिथीची पाऊणपट कर, तितक्या वाजता दर्याला भरती पुरी, आपल्या बंदरावर त्यात तास मिळव. मी पाढे म्हणायच्या आधी पाऊणकी म्हणायला शिकले. उशीर झाला की सिस्टरना सांगायची, आज पाणी नव्हतं. त्या गोव्याच्या नदीकाठच्या होत्या. त्यांनी मला त्यासाठी कधी उभं केलं नाही.

तर त्या सकाळी नाखवा बंदरावर तयार होता. आणि तुझे मुलगे आपापल्या ओट्यावर बसून होते. का? तर बोलावणं आलं नाही म्हणून.

जनूदादाचं म्हणणं, होडी बाळूने ठरवली, त्याने मला बोलवायला यावं. बाळूचं म्हणणं, जनूदादा थोरला, कलश त्याच्या हाती, त्याने हाक मारावी. दोन ओट्यांच्या मध्ये एक अंगण. मी या ओट्यावरून त्या ओट्यावर जात होते आणि दोघंही मला चहा घे म्हणत होते! आपल्या लोकांचं असंच. लग्न असो की मयत, बोलावणं नाही तर पाऊल नाही. नाखव्याने दोनदा निरोप पाठवला, पानी कुनाचा मान ठेवत न्हाय. शेवटी आईच उठली, उंबरावरचा कलश काढून तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “तू जा न्हेऊन. हे दोगं बसू दे.” तेव्हा दोघं एकदम उठले.

बाईमाणसाने अस्थी सोडायला जायचं नसतं, पण मला कुणी उतरवलं नाही. मी मध्ये बसल्याशिवाय ते दोघं एका होडीत बसणारच नव्हते.

पाणी तोवर बरंच उतरलं होतं. गेलेला वेळ भरून काढायचा म्हणून जनूदादा म्हणाला, बेटामागच्या फाट्यातून घाल. बाळूला ते पटलं नव्हतं, पण तसं सांगायला जनूदादाशी बोलावं लागलं असतं. नाखव्याने होडी फाट्यात घातली. दोन्ही बाजूंना चिपीची खारफुटी, मुळं उघडी पडलेली, आणि पाणी आमच्या डोळ्यांदेखत पातळ होत गेलेलं. मग होडीच्या तळाला मऊ काहीतरी लागलं, आणि आपण थांबलो. तूसुद्धा.

दोघांनी उतरून ढकलून पाहिलं. एक या बाजूने, एक त्या बाजूने. गुडघ्यापर्यंत रुतले, होडी हलली नाही. नाखवा म्हणाला, आता भरती आल्याशिवाय काही नाही, आणि मशीनच्या सावलीला पाय लांब करून झोपला.

ते ऊन, आबा! चिखलाचा तो वास, आणि आपल्याच घरातली ती शांतता.

भाकऱ्या बाळूच्या बायकोने दिल्या होत्या. पाण्याची कळशी जनूदादाच्या बायकोने. दोघींनी एकमेकींना न विचारता. म्हणजे बाळूच्या पुढ्यात भाकरी आणि जनूदादाच्या पुढ्यात पाणी! बाळूने भाकरी मोडली, ठेच्याबरोबर दोन घास खाल्ले आणि त्याला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मागेना. जनूदादा चिपीकडे बघत बसलेला. मी कळशीकडे हात नेला. आणि मग मुद्दाम मागे घेतला. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. वाटलं, आज तरी मी मध्ये पडू नये.

जनूदादाने तांब्या भरला. बाळूला दिला नाही. मधल्या फळीवर, तुझ्या कलशाशेजारी ठेवला. बाळूने उचलला, प्यायला, आणि रिकामा तांब्या त्याच जागी ठेवून त्याच्यावर एक भाकरी ठेवली. जनूदादाने ती उचलली.

नंतर काय झालं असेल सांग बघू? चिखलातून एक निवटी, बोटाएवढा मासा, टुणकन उडाली. बाळू म्हणाला, “आबान मना एकदा निवटीसाठी अख्खा दिवस चिखलात उभा केलेला.” कुणाला म्हणाला ते कळलं नाही. उत्तर मात्र जनूदादाने दिलं, “तुला नाय, मना. तू बांधावर रडत व्हतास.” झालं. त्यावरून जुंपली. चिखलात कोण होतं, बांधावर कोण, निवटी कुणाच्या हातातून निसटली. किती दिवसांनी ते एकमेकांकडे तोंड करून भांडत होते! मी ऐकत होते आणि देवाला म्हणत होते, भरती आणू नकोस. एवढ्यात आणू नकोस.

भरती आली तेव्हा दिवस कलला होता. मुखाशी पोचेपर्यंत सूर्य बुडणार, आणि बुडल्यावर अस्थी सोडत नाहीत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ठरवलं, इथेच. दोघांनी मिळून कलश कलता केला. पण पाणी आत येत होतं, आबा! तुझी राख मुखाकडे गेलीच नाही, ती उलटी वर, काल्हेरच्या दिशेने निघाली. जनूदादा बघत राहिला, म्हणाला, “आबा घरी चालला.” बाळू म्हणाला, “वाटेवर गाडी कुनी लावली ते बघाला.” आणि दोघं हसले. हसता हसता जनूदादाने बाळूच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

तर असं. मुखाशी नेलं नाही तुला. भांडायचं थांबतं तिथवर तू पोचला नाहीस.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर होती. तिने विचारलं, सोडलं मुखाशी? जनूदादा हो म्हणाला, बाळूही हो म्हणाला. तिने दोघांच्या पायांकडे पाहिलं, आत जाऊन ऊन पाणी आणलं आणि दोघांना शेजारी शेजारी उभं करून पायांवर ओतलं. गेल्या दिवाळीला मी भावांना ओवाळून निघताना तिने मला जवळ बसवून सांगितलं, “मुखाशी चिखल नसतं, बाय. त्या दिशी दोगांच्या पायाला गुडघ्यावर चिखल व्हता. मना बी तिथंच सोडा. दोगांनी. एका होडीन.”

वर्षभर ती समजूत पुरली. मग वाट रुंद करायचं निघालं.

आज इथे भिवंडीत आजूबाजूचे लूम खडखडताहेत आणि मी कालनिर्णयाचं पान समोर धरून बसले आहे. बोटं आपोआप पाऊणकी करतात. परवाच्या परवा, एकादशीला, सकाळी नवाच्या पुढे आपल्या बंदरावर भरती पुरी होते. त्याच वेळी निघालं तर सरळ मुखाशी.

मी त्यांना अकरा सांगणार आहे.

आता विचारू नकोस. ऐक. होडी मी ठरवली आहे, नाखवा तोच, आता म्हातारा झाला आहे. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो फक्त म्हणाला, छत्री घे. उद्या सकाळी काल्हेरला जाईन. आधी जनूदादाकडे, सांगेन की बाळूने बोलावलं आहे, आई थोरल्याच्या हातूनच जाऊ दे म्हणतो. मग अंगण ओलांडून बाळूकडे, सांगेन की जनूदादाने बोलावलं आहे, तुझ्याशिवाय कलशाला हात लावणार नाही म्हणतो. आमच्या शाळेत खोटं बोलणं पाप होतं. तरी मी दोनदा बोलेन, आणि भरतीचं धरून तिसऱ्यांदा.

त्यांनी ओळखलं तर? बाळू ओळखेलच, त्याला माझ्या डोळ्यांतलं कळतं. कदाचित दोघं येणारच नाहीत, आणि परत येऊन बघते तो उंबराखाली दोन मडकी असतील. चिखलात रुतूनही दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले, तर त्या उन्हात आईला मांडीवर घेऊन मी काय करू, हेही मला ठाऊक नाही.

पण एवढा शब्द देते, आबा. आईला मी वाटू देणार नाही. तिला तुझ्याच फाट्यात आणीन, पाणी आत यायला लागेपर्यंत थांबेन, आणि मध्ये पडणार नाही. भाकऱ्या बाळूच्या घरून मागून घेईन, पाणी जनूदादाच्या. माझ्या घरून मी काही आणणार नाही.

तुझी,
बाय