आन्याला बॉल टाकतं कोण

४ एप्रिल
आन्यानं शाळेच्या टीमचा कागद आणला, मी सही ठोकली. फुटबॉल म्हणजे पायानं — तर या देशात सगळं हातानंच! ती वाइड रिसीव्हर झाली म्हणे. कडेला उभं राहायचं, जीव खाऊन पळायचं, ठरल्या पावलाला वळायचं. बॉल आधीच सुटलेला असतो. झेलायचा. पंधरा वर्षांची घोडी, अभ्यास कधी करणार?

११ एप्रिल
दुकानात दोनशे पोळ्या लाटून आले. आन्या मागच्या अंगणात एकटीच पळत होती. वळली, हात पुढं केले. हातात काही नाही. पण थप्प आवाज आला! माझेच कान गेलेत.

१७ एप्रिल
कोचबाई भेटली. आन्यानं मराठीत सांगितलं — "विचारतेय, घरी बॉल कोण टाकतं? लेफ्टी आहे का? लेफ्टीचा बॉल उलटा फिरतो ना, आणि मला तोच इझी जातो, म्हणून."
म्हटलं, कोणी टाकत नाही. सांग तिला.
हे डावखुरे. सासूबाईंनी मारून मारून जेवणापुरता उजवा हात केला, बाकी सगळं डाव्यानं. पण हे जाऊन दीड वर्ष झालं. आन्यानं बॉल धरला तो या महिन्यात!

२३ एप्रिल
ती वळते तिथं गवत उखडलंय. रोज एक पाऊल पुढं. कुंपणाला चार पावलं राहिली. कुंपणामागं रेल्वेचे रूळ.
"आन्ये, अलीकडं वळ की!"
"बट आई, बॉल तिकडे येतो."

२५ एप्रिल
दोन पावलं.
अंगणात जाऊन रिकाम्या जागेला सुनावलं. अहो, अक्कल आहे का? पोर रुळावर जाईल. जवळ टाका! जिवंतपणी एक दिवस खेळला नाहीत तिच्याशी, कायम हॉटेलची भट्टी. आता कसलं कौतुक?
वारा नव्हता. गवत एका जागी दबलं होतं — दोन पायांएवढंच.

२६ एप्रिल
एक पाऊल. बास झालं. उद्या त्या दबल्या जागेवर मी उभी राहते. खरा बॉल घेऊन. तुम्ही निघा.

२७ एप्रिल
जवळच टाकायचा होता. डावाच हात उठला, माझं ऐकेना. बॉल कुंपणापार! आन्या वर चढली. पाय धरून खाली ओढली. हसत होती.
"नाइस थ्रो, बाबा."