उंबऱ्याला सगळं कळतं

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.२०
राजीनामा दिला. तोंडावर. पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत एकोणीस वर्षं खरेदी खातं सांभाळलं. आज मीटिंगमध्ये सुचवलं की आपला फिल्टर इंटरनेटला जोडू, म्हणजे घरात कोण पाणी कमी पितंय ते बाकीच्यांना कळेल. साहेब म्हणाले, तहान लागली की कळतंच की. सगळे हसले. शिपाईसुद्धा. मी उठलो, कोरा कागद मागितला, लिहून दिला.
आता मी मोकळा. रोजच्या जगण्याला अर्थ देणारी, इंटरनेटला जोडलेली वस्तू बनवणार. मोबाईलवरून दिव्याचा रंग बदलायची खेळणी नव्हेत.
घरी एवढ्यात सांगायचं नाही. वस्तू झाली की एकदमच सांगू. ही लपवाछपवी नाही. हे नियोजन.

५ फेब्रुवारी, बुधवार
वस्तू ठरली. पायपुसणं!
जगात सगळे फ्रिज आणि घड्याळांच्या मागे. पायपुसण्याकडे कुणाचं लक्ष नाही. आणि घरी येणारा प्रत्येक माणूस पहिलं पाऊल त्यावरच टाकतो. वजन आणि चाल यावरून ते माणूस ओळखणार आणि घरातल्या सगळ्यांना मोबाईलवर कळवणार, अमुक घरी आला. नाव ‘उंबरा’. नाव सुचल्यावर स्वतःची पाठ थोपटायला गेलो. हात पोचला नाही. व्यायाम सुरू करणे.
दिनक्रम: पावणेनऊला डबा घेऊन नेहमीसारखं बाहेर. बागेत चिंतन. ही लॅबमध्ये आणि मुलगी कॉलेजात गेली की अकराला परत.

१२ फेब्रुवारी, बुधवार
उंबरा दारात बसवला. खाली चार सेन्सर, वर आपलं जुनं काथ्याचं पायपुसणं. दोघींना सांगितलं, ऑफिसचा प्रयोग आहे. त्यांच्या मोबाईलवर अ‍ॅप घालून दिलं. ही म्हणाली, याचा आवाज होतो का? म्हटलं, हो, टिंग असा. म्हणाली, बंद कसा करायचा? दूरदृष्टी सगळ्यांना नसते.
माझं वजन सत्त्याऐंशी दाखवतो. सेन्सर बिघडलाय. दोघींचं बरोबर दाखवतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आपुलकी हवी म्हणून छोटा स्पीकर लावला. कुणी पाऊल ठेवलं की म्हणतो, या, बसा.
गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन आला आणि बसला. पाणी द्यावं लागलं. मग त्याने त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाची सगळी हकिकत सांगितली. एक तास. स्पीकर काढला.

१७ फेब्रुवारी, सोमवार
नोंदी तपासल्या. ‘बाबा घरी आले’: ११.०४, ११.०२, ११.०६. मिनिटाचीसुद्धा चूक नाही. साहेबांना दाखवायला हवं होतं!
घरात मात्र कौतुक शून्य. अ‍ॅपबद्दल दोघी अवाक्षर काढत नाहीत. उघडतही नसतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आज हिने डबाच दिला नाही. म्हणाली, भरायला विसरले, ओट्यावर झाकून ठेवलंय. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला ओट्यावरच्या जेवणाचा काय उपयोग? विसराळू होत चालली आहे. बारा वाजता गरम करून खाल्लं. छान झालं होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
ही म्हणाली, दुपारी प्लंबर येणार आहे, शेजारी किल्ली ठेवू की नको? म्हटलं, नको, मी अर्धा दिवस सुट्टी काढतो. म्हणाली, मिळेल? म्हटलं, माझ्याशिवाय तिथे पान हलत नाही, तरी बघतो.
ती बराच वेळ चपलेचा पट्टा लावत बसली.
संध्याकाळी मुलीने विचारलं, बाबा, तू ऑफिसात खूश आहेस ना? तिला जिद्द या विषयावर वीस मिनिटं समजावलं. तिने मान खाली घालून ऐकलं. पोरीत माझा गुण उतरलाय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
निवड झाली!! घरगुती वस्तू बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने नव्या कल्पना मागवल्या होत्या. सोमवारी त्यांच्या परीक्षकांपुढे दहा मिनिटं. हिला म्हटलं, ऑफिसची मोठी मीटिंग आहे, शर्टाला इस्त्री हवी.
इस्त्री करता करता म्हणाली, मला काही सांगायचंय का तुम्हाला? म्हटलं, हो. निळा नको, पांढरा.

३ मार्च, सोमवार. दुपारी, बसस्टॉपवर
लिहितोय, कारण बसला अजून वेळ आहे.
सुरुवात उत्तम. म्हटलं, वस्तू हुशार नको, मायेची हवी. प्रोजेक्टरने भिंतीवर घरची खरीखुरी नोंद दाखवली, तीन आठवड्यांची. मधल्या परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. हे बाबा रोज अकराला घरी येतात, म्हणाल्या. आजारी आहेत का? म्हटलं, नाही. रिटायर झालेत? नाही. मग शेवटच्या रकान्यातल्या हिरव्या खुणा कसल्या?
तो रकाना माझ्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर दिसत नाही. भिंतीवर दिसला. घरातल्या कुणी निरोप उघडून वाचला की हिरवी खूण येते. सोय मीच केलेली.
प्रत्येक अकराच्या पुढे दोन खुणा. पहिल्या दिवसापासून.
पाणी प्यायलो. बाई म्हणाल्या, बोला पुढे. मी बोललो. म्हटलं, बाबा म्हणजे मी. नोकरी सोडली, घरी सांगितलं नाही, या पायपुसण्याने सांगितलं. म्हणजे वस्तू चालते!
बाई म्हणाल्या, चालते. पण मी माझ्या दारात ठेवणार नाही. शेजारचे परीक्षक घाईघाईने म्हणाले, मीही नाही.

तोच दिवस, संध्याकाळी
हिला विचारलं, कधीपासून माहीत होतं? म्हणाली, तेरा तारखेपासून. आधी वाटलं, तुम्हाला बरं नाही. घाबरून ऑफिसात फोन लावला. त्यांनी सांगितलं.
म्हटलं, मग विचारलं का नाहीस? म्हणाली, रोज विचारत होते.
मी आवाज चढवला. म्हटलं, माझ्या वस्तूत एकही दोष नाही. ही म्हणाली, वस्तूला कोण काय म्हणतंय? मुलगी उठून आत गेली.
जेवलो नाही. मग जेवलो.

४ मार्च, मंगळवार
माघार नाही. उंबऱ्याची दुसरी आवृत्ती काढणार. दोघींनी अ‍ॅप काढून टाकलंय. ही म्हणाली, यापुढे काय ते तुमच्या तोंडून ऐकायचं. ठीक आहे.
जुन्या ऑफिसची पायरी चढणार नाही. नाही म्हणजे नाही.

६ मार्च, गुरुवार
जुन्या ऑफिसात जाऊन आलो. टेबलाच्या खणात माझी छत्री राहिली होती. साहेब म्हणाले, जागा भरली हो. मी विचारलंच नव्हतं. म्हणजे, तसं थेट नव्हतं विचारलं.
चालत घरी आलो. हिची आज सुट्टी. दार उघडंच होतं. बाहेर उभा राहून पाय पुसले, जरा जास्तच वेळ. आतून ही म्हणाली, कोण आहे?
म्हटलं, मी. साहेबांकडे गेलो होतो. परत घ्या म्हणालो. नाही घेतलं.
आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. मग म्हणाली, बरं. हात धुऊन घ्या, वाढते.