नव्वद पावलं

दि. ३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईच्या उजव्या हाताची दोन बोटं हलायला लागली. अर्धांगवायूचा झटका येऊन बेचाळीस दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, व्यायाम एक दिवसही चुकवू नका. पहिल्या तीन महिन्यांत जे परत येईल तेच आपलं.

व्यायामाचा दवाखाना आमच्या वसाहतीच्या मागच्या भिंतीपलीकडे आहे. गच्चीवरून त्याची पायरी दिसते. पण भिंतीला दार नाही. म्हणून बाबा आईची चाकाची खुर्ची ढकलत पुढच्या फाटकातून हमरस्त्यावर जातात आणि दोन किलोमीटरचा वळसा घालतात. तिथे पदपथ नाही. काल एका टेम्पोने खुर्चीचा पाय ठेवायचा दांडा वाकवला. आई वाचली.

इथे गाडीला सलाम मिळतो आणि पायी येणाऱ्याला वहीत नाव लिहावं लागतं. नव्या पहारेकऱ्याने बाबांना विचारलं, कुठल्या बंगल्यावर कामाला आहात. शेजारीण कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढते. तिला मी आळशी म्हणणार नाही. रस्ता माणसाला सवय लावतो, आणि रस्ता आधी कुणीतरी कागदावर काढलेला असतो. ही वसाहत कागदावर तू काढलीस, दादा. फाटकावरच्या फरशीवर तुझं नाव आहे.

रविवारी रहिवाशांची सभा आहे. मी दार मागणार. चिटणीस आत्ताच सांगत फिरतात, मूळ रचनेत दार नव्हतं, भिंत फोडली तर कोसळेल. तू ये आणि खरं काय ते सांग. मी मास्तरीण, मला फळ्यावरची भिंत कळते, विटांची नाही.

लोभ आहेच, तो या रागात वाहून जाऊ देऊ नकोस.

तुझी ठिणगी


दि. ५ जून

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. बसून वाचलं असतं तरी तू उठवलं असतंस. टेम्पोचं वाचून रात्रभर डोळा लागला नाही.

उद्यापासून माझी गाडी आणि चालक तुमच्या दारात उभे राहतील. आई जाईल, येईल, प्रश्न मिटला. भिंतीचा नाद सोड. घरं घेताना लोकांनी पहिली चौकशी भिंतीचीच केली होती. पलीकडची वस्ती त्यांना आत नको होती. त्यांची मनं मी नकाशावर बदलू शकत नाही. मीसुद्धा कित्येक वर्षांत गाडीशिवाय कुठे गेलेलो नाही, आणि माझं काही अडलं नाही.

रविवारी मला बैठक आहे. सभेत आवाज चढवू नकोस. बाबांना नमस्कार, आईच्या दोन बोटांना माझा एक पापा.

माया पातळ करू नकोस.

दादा


दि. ७ जून

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा चालक काल आला. चहा पाजून परत पाठवला. राग मानू नकोस. गाडीने आमची दोघांची सोय होईल. पण शेजारची स्वयंपाकीण आणि दवाखान्यातल्या आया त्याच हमरस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून येतात. रोज भेटतात, खुर्चीला हात लावतात.

आता कामाचं. काल दुपारी मी मागच्या भिंतीशी गेलो. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, विटेवर टिचकी मारली की तिचं वय कळतं. जांभळाच्या झाडामागे वर लिंटल आहे, दारावर टाकतात ती आडवी तुळई. त्याच्या खाली दोन्ही बाजूंनी सांधा सरळ जमिनीपर्यंत उतरला आहे, विटा एकमेकींत गुंफलेल्या नाहीत. दाराची जागा सोडून भिंत बांधली आणि मागाहून कुणीतरी ती जागा भरली. दार नसेल तिथे कुणी लिंटल टाकत नाही. तेवढं काढलं तर भिंतीला काही होणार नाही. तिथून दवाखान्याची पायरी नव्वद पावलं.

ठिणगीला सांगितलेलं नाही. ती भर सभेत तुझं नाव घेईल, आणि ती बोलायला लागली की थांबत नाही. हे तुझ्या तोंडून यावं. सभा उद्या अकराला आहे. लहानपणी माझ्या ओळंब्याची दोरी तू धरायचास. हात हलला की स्वतःच सांगायचास.

तुझी आई डाव्या हाताने खुर्ची दाराकडे वळवते, तुझ्या गाडीचा आवाज आला असं वाटून.

बाबा


दि. ७ जून, संध्याकाळ

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल चालक रिकामा परत आला तेव्हाच कळलं होतं की तुमचं काहीतरी येणार, म्हणून आज सकाळी त्याला पुन्हा तुमच्याकडे धाडलं. त्याच्याच हाती हे उत्तर देतो आहे.

मूळ नकाशात दार मीच आखलं होतं. भिंत उभी राहिल्यावर वसाहत बांधणाऱ्या मालकांनी सांगितलं, पलीकडची माणसं येतील, घरं खपणार नाहीत. मी नकाशातल्या दारावर लाल फुली मारली आणि सही केली. चहा निवायलाही जास्त वेळ लागतो. तो कागद माझ्या कपाटात आहे. उद्या सभेत टेबलावर ठेवीन. फाटकावरची फरशी लोक काढतील, काढू देत. ठिणगीला हे वाचून दाखवा, आणि सांगा की आधी मला बोलू दे, मग तिने मला हवं ते बोलावं.

गाडी आणत नाही. बस दवाखान्याच्या कोपऱ्यावर सोडते. घ्यायला कुणी येऊ नका. फाटकापर्यंतचे ते दोन किलोमीटर मला एकदा हमरस्त्याच्या कडेने चालायचे आहेत. पहारेकऱ्याच्या वहीत नाव लिहीनच.

आईला म्हणावं, गाडीचा आवाज ऐकू नकोस.

तुमचा थोरला